उसळीला वाट : दाटीच्या सर्किट बोर्डावरील छोटे संरक्षक घटक

तारेतून येणारी व्होल्टेजची क्षणिक उसळी म्हणजे सर्ज. ती सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात उठते आणि ओसरते. पण तेवढ्या अवधीत २३० व्होल्टच्या तारेवर हजारो व्होल्ट उभे राहतात आणि तारेच्या टोकाचा सर्किट बोर्ड निकामी होतो. ही उसळी बोर्डावरच्या नाजूक भागांपर्यंत पोचण्याआधी तिला दुसऱ्या वाटेने वळवणारे छोटे घटक हा या प्रस्तावनेचा विषय आहे. व्हॅरिस्टर, टीव्हीएस डायोड आणि जीडीटी म्हणजे वायुनलिका ही त्यांतली मुख्य नावे. त्यांतला एखादा कोटाच्या बटणाएवढा असतो, तर एखादा मोहरीहूनही बारीक. एरवी या घटकांना काहीच काम नसते. ते काढून टाकले तरी बोर्ड तसाच चालतो, आणि पहिल्या वादळापर्यंत कुणाच्या काही लक्षातही येत नाही. म्हणूनच स्वस्त बोर्डांवर त्यांच्या जागा रिकाम्या दिसतात, आणि म्हणूनच त्यांची नीट ओळख करून घेणे गरजेचे आहे.

मराठीत आभाळातून पडते तीही वीज आणि तारेतून येते तीही वीज. वाशीम जिल्ह्यात या दोन विजांची गाठ दरवर्षी पडते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा या सहा तालुक्यांचा आहे. शेती मुख्यतः पावसाच्या भरवशावरची, सोयाबीन आणि तुरीची. हरभरा-गव्हाच्या हंगामात विहिरीवरच्या पंपांची धावपळ असते. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस गडगडाट घेऊन येतो, जूनमध्ये मृगाच्या तोंडावर पुन्हा विजा चमकतात आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत परतीचा पाऊस तसाच कडाडत येतो. शेतातल्या डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, विहिरीपर्यंत तार उघड्या रानातून, खांबांवरून जाते. जिथे वीज आभाळातून उतरते, तिथेच ही तार ताणलेली असते.

या तारेच्या टोकाला पूर्वी फक्त स्टार्टर असे. लोखंडी पेटी, तांब्याची कॉइल, जाड संपर्क. उसळी आली तरी कॉइल बहुतेक वेळा तग धरून राही. आता त्याच पेटीशेजारी मोबाईल स्टार्टर बसतो. शेतकरी घरून फोन लावतो आणि पंप सुरू होतो, बंद होतो, लाईट आहे की नाही ते कळते. या मोबाईल स्टार्टरचे झाकण उघडले की तळहाताएवढा हिरवा बोर्ड दिसतो. एका कडेला आर, वाय आणि बी या तीन फेजच्या तारांचे कनेक्टर, त्यांच्याजवळ छोटा ट्रान्सफॉर्मर आणि दोन रिले. मधोमध मायक्रोकंट्रोलर, बाजूला सिमकार्डाची खाच, जीएसएम मॉड्यूल आणि त्यातून बाहेर गेलेली अँटेनाची तार. चारशेहून अधिक व्होल्टची तार आणि तीन-चार व्होल्टवर चालणारी आयसी यांच्यात काही बोटांचेच अंतर असते. अशीच दाटी सौर पंपाच्या कंट्रोलरमध्ये, डिजिटल वीजमीटरमध्ये आणि महावेध प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय उभारलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या नोंदयंत्रात असते.

बोर्ड लहान होत गेला तसा तो नाजूकही होत गेला, आणि यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. आयसीमधल्या ट्रान्झिस्टरच्या गेटखाली सिलिकॉन ऑक्साइडचा पातळ थर असतो. हा थर ढोबळमानाने एका नॅनोमीटरला एक व्होल्ट एवढाच ताण सोसतो. काही नॅनोमीटर जाडीचा थर काही व्होल्टनीच फाटतो, आणि एकदा फाटला की तो पुन्हा सांधत नाही. आयसी छोटी, वेगवान आणि कमी वीज खाणारी करायची तर हा थर पातळ करावाच लागतो. म्हणजे प्रत्येक नव्या पिढीची आयसी मागच्या पिढीपेक्षा उसळीला कमी तोंड देते. शिवाय बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या म्हणजे ट्रॅक जवळजवळ आल्याने एका तारेवरची उसळी शेजारच्या ट्रॅकवर उडी घेते. जुन्या रेडिओत जी उसळी नुसती खरखर म्हणून ऐकू येई, ती आज पूर्ण कार्ड घेऊन जाते.

संरक्षणाचा विचार करताना आधी उसळी कोणती ते ओळखावे लागते, कारण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. पहिली आभाळातली. विजेच्या एका लोळातला प्रवाह साधारण ३०,००० अँपिअरच्या घरात असतो. तो लोळ तारेवर थेट पडला तर बोर्डावरचा कुठलाही घटक त्याला पुरा पडत नाही. पण बहुतेक बोर्ड थेट विजेने जात नाहीत. वीज दोन-चार शेतांपलीकडे पडते, तिच्याभोवतीचे चुंबकीय आणि विद्युत क्षेत्र क्षणात बदलते आणि ताणलेल्या तारेत हजारो व्होल्ट प्रेरित होतात. जळालेल्या कार्डांमागे बहुधा अशी दूरची वीज असते. दुसरी उसळी माणसाने निर्माण केलेली. पंपाची मोटर बंद होताना तिच्या गुंडाळीत साठलेली ऊर्जा परत तारेवर येते. फिडर गेल्यावर आणि पुन्हा आल्यावर, जिथे मोटर आपोआप सुरू करणारे ऑटो लावलेले आहेत तिथे अनेक मोटरी एकदम उठतात आणि तारेला हिसके बसतात. तिसरी उसळी माणसाच्या अंगातली. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत खुर्चीवरून उठून बोर्डाला हात लावला की बोटातून ठिणगी जाते. ठिणगी बोटाला जाणवली म्हणजे ती साधारण ३,००० व्होल्टच्या वर होती. त्याहून लहान ठिणगी माणसाला कळतही नाही, आणि आयसीला मात्र तीही पुरते.

चौथा प्रकार उसळीसारखा वाटतो, पण उसळी नव्हे. डीपीवरची किंवा खांबावरची न्यूट्रल तुटली की सिंगल फेजवर चालणाऱ्या घरांना २३० ऐवजी तीनशे, साडेतीनशे, कधी त्याहूनही जास्त व्होल्ट मिळू लागतात, आणि ते क्षणभर नव्हे, तर कुणी फ्यूज काढेपर्यंत. सर्ज थोपवणारा घटक सेकंदाच्या दशलक्षांश भागांसाठी घडवलेला असतो. मिनिटभर चालणारे जादा व्होल्टेज त्याच्यावर लादले तर तो तापतो, तडकतो आणि पेटतो. त्या दुखण्याला फ्यूज, व्होल्टेज पाहून पुरवठा तोडणारा रिले आणि नीट आवळलेली न्यूट्रल हेच उपाय. दोन्ही दुखण्यांना ‘व्होल्टेज जास्त आलं’ हेच नाव दिले जाते, आणि त्यामुळे दोन्हींवर चुकीचा इलाज होतो.

प्रयोगशाळेत या उसळ्यांची ठरावीक रूपे वापरतात. वीज आणि स्विचिंगच्या उसळीसाठी ‘८/२०’ हा प्रवाहाचा आकार आहे. प्रवाह ८ मायक्रोसेकंदांत शिखरावर पोचतो आणि २० मायक्रोसेकंदांपर्यंत निम्म्यावर येतो. टेलिफोनसारख्या लांब तारांसाठी ‘१०/१०००’ हा बराच लांबलेला आकार वापरतात. बोटातल्या ठिणगीसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात १५० पिकोफॅरडचा संधारक ३३० ओहममधून रिकामा करतात. ८,००० व्होल्टच्या चाचणीत प्रवाह एका नॅनोसेकंदाहून कमी वेळात ३० अँपिअरवर जातो. डेटाशीटवर ‘४,५०० अँपिअर’ किंवा ‘६०० वॉट’ असे आकडे दिसले की पहिला प्रश्न हाच विचारावा : कोणत्या आकाराच्या उसळीला? तो आकार सोडून दिला तर आकड्याला अर्थ उरत नाही.

संरक्षक घटकांचे दोन स्वभाव आहेत. एक जात व्होल्टेज ठरावीक पातळीवर दाबून धरते. पातळीच्या वर जे येईल ते आपल्या अंगातून वाहू देते, उष्णता करून टाकते आणि पातळी उतरली की पुन्हा स्वस्थ बसते. दुसरी जात पातळी ओलांडताच दारच उघडते. व्होल्टेज एकदम काही व्होल्टवर कोसळते आणि प्रवाह मोकळा वाहतो. दोघींचे काम धरणाच्या सांडव्यासारखे आहे. वाशीम शहराला पाणी देणारे एकबुर्जी धरण भरले की जादा पाणी सांडव्यावरून पुढे जाते. सांडवा पाणी अडवत नाही, त्याला वाट देतो. सांडव्याच्या खाली नाला मोकळा नसेल, तर तेच पाणी शेतात घुसते. सर्जच्या बाबतीत तो नाला म्हणजे घटकापासून अर्थपर्यंतची, म्हणजे जमिनीपर्यंतची वाट. पुढच्या सगळ्या विवेचनाचा गाभा एवढाच आहे.

पहिल्या जातीतला सर्वांत ओळखीचा घटक म्हणजे मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर, दुकानातल्या बोलीत एमओव्ही. त्याआधी या कामाला सिलिकॉन कार्बाइड वापरत. जपानमधील मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर घडवला आणि चित्र बदलले. झिंक ऑक्साइडच्या भुकटीत बिस्मथ ऑक्साइड आणि इतर धातूंची ऑक्साइडे अल्प प्रमाणात मिसळून ती मातीच्या भांड्यासारखी भाजतात. भाजल्यावर आत बारीक कण तयार होतात आणि दोन कणांच्या सीमेवर पातळ अडसर उभा राहतो. असा एक अडसर साधारण तीन व्होल्टपर्यंत प्रवाह अडवतो, त्यापुढे एकदम वाट देतो. चकती जाड तितके अडसर जास्त, म्हणून तिचे व्होल्टेज जास्त. चकती रुंद तितक्या समांतर वाटा जास्त, म्हणून ती अधिक प्रवाह सोसते. एवढ्या एका सूत्रावर पूर्ण व्हॅरिस्टर वाचता येतो.

जळालेल्या पॉवर सप्लायमध्ये फ्यूजशेजारी उभी असलेली निळी किंवा पिवळी चकती हाती घ्यावी. तिच्यावर ‘१४डी४७१के’ असे काही छापलेले असते. १४ म्हणजे चकतीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, अर्थात ४७० व्होल्ट. एक मिलिअँपिअर प्रवाह वाहताना चकतीवर एवढे व्होल्टेज असते. ‘के’ म्हणजे त्यात दहा टक्के इकडेतिकडे. ही चकती ३०० व्होल्टच्या एसी पुरवठ्यावर कायम राहू शकते, म्हणून २३० व्होल्टच्या सिंगल फेजला ती योग्य. १४ मिलिमीटरची चकती ८/२० आकाराची एक उसळी सुमारे ४,५०० अँपिअरपर्यंत सोसते, २० मिलिमीटरची सुमारे ६,५०० अँपिअरपर्यंत. पण उसळीच्या वेळी ती ४७० व्होल्टवर थांबत नाही. ५० अँपिअरलाच ती ७७५ व्होल्टपर्यंत चढू देते. म्हणजे एमओव्ही हजारो व्होल्टना शेकड्यांत आणतो, पाच व्होल्टच्या आयसीला एकट्याने वाचवू शकत नाही.

याच आकड्यात दुरुस्तीतली एक मोठी चूक दडलेली आहे. मोबाईल स्टार्टरच्या बोर्डावर दोन फेजच्या मध्ये बसलेला एमओव्ही जळाला आणि हाताशी होता म्हणून ४७१ लावला, तर लाईट येताच तो पेटतो. दोन फेजमधले ४१५ व्होल्ट शिखरावर सुमारे ५८७ व्होल्ट होतात आणि ४७०ची मर्यादा दर सेकंदाला शंभर वेळा ओलांडली जाते. तिथे ८२१ किंवा ९११ हवा. पहिला ५१० व्होल्ट एसीचा, दुसरा ५५० व्होल्टचा. चकत्या दिसायला सारख्याच, फरक फक्त छापलेल्या तीन आकड्यांचा.

हेच झिंक ऑक्साइड पातळ पापुद्र्यांत, मध्ये धातूचे थर घालून भाजले की बहुस्तरी चिप व्हॅरिस्टर तयार होतो. त्याला पाय नसतात, तो थेट बोर्डावर सोल्डर होतो. ०४०२ मापाची चिप १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असते, ०६०३ मापाची १.६ बाय ०.८ मिलिमीटर. दाटीच्या बोर्डावर बटणे, सेन्सरच्या तारा आणि कमी व्होल्टेजच्या पुरवठ्यासाठी ती सोयीची पडते. पापुद्रे समांतर असल्याने छोट्या अंगातही तिची ताकद बरी असते.

टीव्हीएस डायोड हा याच जातीतला अधिक काटेकोर घटक. तो सिलिकॉनचा असतो आणि झेनर डायोडच्या कुळातला, पण उसळीचा प्रवाह पेलण्यासाठी त्याचे जंक्शन मोठे केलेले असते. त्याचे नावच माहिती देते. एसएमएजे मालिका ४०० वॉटची, एसएमबीजे ६०० वॉटची, एसएमसीजे १,५०० वॉटची; हे सर्व आकडे १०/१००० आकाराच्या उसळीचे. एसएमए पॅकेज सुमारे ४.३ बाय २.६ मिलिमीटरचे, म्हणजे तांदळाच्या जाड दाण्याएवढे. ‘एसएमबीजे२४ए’ घेतला तर २४ व्होल्टपर्यंत तो गप्प बसतो, २६.७ ते २९.५ व्होल्टच्या दरम्यान वाहू लागतो आणि १५.४ अँपिअर प्रवाहाला व्होल्टेज ३८.९च्या वर जाऊ देत नाही. नावाच्या शेवटी ‘सीए’ असेल तर तो दोन्ही दिशांना काम करतो. एमओव्ही दणकट पण ढोबळ, टीव्हीएस नेमका पण कमी प्रवाहाचा. निवड करताना तीन आकडे पाहावे लागतात. बोर्डाचे नेहमीचे व्होल्टेज पहिल्या आकड्याच्या आत हवे, आणि आयसीची सहनशक्ती शेवटच्या आकड्याच्या वर हवी. उन्हाचाही हिशेब धरावा लागतो. ही वॉटची ताकद २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, खांबावरची बंद पेटी त्याहूनही तापते आणि तापलेल्या टीव्हीएसची ताकद कमी होते.

दारच उघडणाऱ्या दुसऱ्या जातीत जीडीटी येतो. सिरॅमिकच्या नळीत निष्क्रिय वायू आणि धातूची दोन टोके. व्होल्टेज पातळीपलीकडे गेले की आत ठिणगी पेटते आणि नळीवरचे व्होल्टेज दहा-वीस व्होल्टवर येते. त्यामुळे नळीत फारशी उष्णता होत नाही आणि छोट्या नळीतून काही हजार अँपिअर निघून जातात. तिची धारकता एक-दोन पिकोफॅरडच, म्हणून अँटेना आणि डेटाच्या तारांना ती त्रास देत नाही. उणिवा दोन. ठिणगी पेटायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात उसळीचा पुढचा टोकदार भाग निसटून आत जातो. आणि पुरवठ्यात दम असेल तर उसळी ओसरल्यावरही ठिणगी विझत नाही. एसी पुरवठ्यात प्रवाह दर अर्ध्या फेऱ्याला शून्यावर येतो, तेव्हा तिला विझायची संधी मिळते. डीसीत ती संधीही नाही. थायरिस्टर जातीचे सर्ज संरक्षक सिलिकॉनचे असतात. तेही असेच दार उघडतात, पण लवकर आणि नेमक्या पातळीला. टेलिफोनच्या तारांवर त्यांचा वापर जास्त.

वेगवान डेटाच्या तारांचा प्रश्न निराळा. प्रत्येक संरक्षक घटक थोडासा संधारकही असतो. १४ मिलिमीटरच्या एमओव्हीची धारकता काही शे पिकोफॅरड असते, कमी व्होल्टेजच्या मोठ्या टीव्हीएसची हजारांत जाते. ५० हर्ट्झच्या तारेला त्याचे काही वाटत नाही. पण यूएसबी २.० सेकंदाला ४८ कोटी बिट पाठवते आणि यूएसबी ३ पाचशे कोटी. तिथे एवढी धारकता बसवली तर संदेशच पुसला जातो. म्हणून अशा तारांसाठी बोटातल्या ठिणगीपासून वाचवणारे, अर्ध्या पिकोफॅरडच्या आसपासचे ईएसडी डायोड बनवले जातात आणि एकाच बारीक पॅकेजमध्ये चार-सहा तारांचे संरक्षण बसवले जाते. सेन्सर आणि मीटर जोडणाऱ्या आरएस-४८५ तारेवर चालणारे व्होल्टेज उणे ७ ते अधिक १२ असे असमान असते. तिच्यासाठी ‘एसएम७१२’ हा तेवढाच असमान मर्यादांचा टीव्हीएस एका छोट्या तीन पायांच्या पॅकेजमध्ये मिळतो.

एकच घटक सर्व गुणांनी पूर्ण नाही, म्हणून ते टप्प्याटप्प्याने बसवतात. तार बोर्डात शिरते तिथे जीडीटी किंवा मोठा एमओव्ही, आयसीच्या बाजूला टीव्हीएस, आणि दोघांच्या मध्ये छोटा रोधक, कॉइल किंवा तापल्यावर रोध वाढवणारा पीटीसी. मधल्या घटकावाचून ही रचना चालत नाही. टीव्हीएस आधी जागा होतो आणि व्होल्टेज दाबून धरतो. मध्ये काहीच नसेल, तर जीडीटी पेटण्याइतके व्होल्टेज त्याच्यावर कधी येतच नाही आणि सगळी उसळी एकटा टीव्हीएस अंगावर घेऊन जळतो. मधल्या रोधकातून प्रवाह वाहतो, त्यावर व्होल्टेज उभे राहते, ते जीडीटीपर्यंत पोचते आणि मोठा गडी कामाला लागतो.

घटक योग्य निवडला तरी तो कुठे बसवला यावर निम्मे यश अवलंबून असते. बोर्डावरच्या एक मिलिमीटर ट्रॅकमध्ये साधारण एक नॅनोहेन्री प्रेरकता असते. बोटातल्या ठिणगीचा ३० अँपिअर प्रवाह ०.८ नॅनोसेकंदात चढतो, म्हणजे प्रत्येक नॅनोहेन्रीवर सुमारे ३७ व्होल्ट उभे राहतात. ईएसडी डायोड मुख्य ट्रॅकपासून पाच मिलिमीटरच्या फाट्यावर बसवला, तर त्या फाट्यावरच पावणेदोनशेहून अधिक व्होल्ट पडतात. डायोडने दहा व्होल्ट दाबून धरले, तरी आयसीला दिसतात ते दोनशेच्या जवळ. म्हणून उसळीचा ट्रॅक आधी डायोडच्या पायावरून जावा आणि मग आयसीकडे, डायोड कनेक्टरला चिकटून असावा, आणि त्याचा ग्राउंडचा पाय थेट खालच्या ग्राउंडच्या थरात उतरावा. दाटीच्या बोर्डावर जागा उरली तिथे डायोड टाकला की तो नकाशात दिसतो, कामात दिसत नाही. पेटीबाहेरही हाच हिशेब. एक मीटर तारेत साधारण एक मायक्रोहेन्री असते. ८ मायक्रोसेकंदांत १,००० अँपिअर चढले की त्या मीटरभर तारेवर सव्वाशे व्होल्ट पडतात. अर्थची तार गुंडाळून ठेवली तर त्याहून अधिक.

शेवटी सगळा प्रवाह जमिनीत जायचा आहे, आणि वाशीमची जमीन ऋतूनुसार बदलते. काळी माती ओली असते तेव्हा वीज सहज घेते. मेमध्ये तीच वाळून भेगाळते. माळावरच्या हलक्या जमिनीत थोडे खोदले की मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. त्यात अर्थिंग लागणे आणखी अवघड. म्हणजे वळवाच्या विजा येतात त्या दिवसांतच अर्थ सर्वांत दुबळा असतो. अर्थचा रोध १० ओहम धरला आणि त्यातून १,००० अँपिअर गेले, तर अर्थच्या खुंट्याचेच व्होल्टेज लांबच्या जमिनीच्या तुलनेत १०,००० व्होल्ट वर उचलले जाते. हा आकडा आणखी एक गोष्ट शिकवतो. नुसता चांगला अर्थ पुरत नाही. पेटीत येणाऱ्या सगळ्या तारा, म्हणजे पुरवठा, मोटर, सेन्सर आणि अँटेना, एकाच ठिकाणी एकाच अर्थशी संरक्षकांतून जोडलेल्या असाव्यात. मग उसळीत सगळ्या मिळून वर उचलल्या जातात आणि मिळून खाली येतात. बोर्डाला मारते ते दोन तारांच्या व्होल्टेजमधले अंतर. पुरवठ्याला एक अर्थ आणि सेन्सरच्या खांबाला वेगळाच अर्थ दिला, तर तेच अंतर बोर्डाच्या आरपार उभे राहते. लांब केबलवर सेन्सर टांगलेल्या हवामान केंद्रात आणि विहिरीत पाण्याची पातळी मोजणारी तार सोडलेल्या पंपाच्या पेटीत ही चूक सर्वांत महाग पडते.

सौर पंपात याला डीसीची जोड मिळते. ५ एचपीच्या पंपासाठी सुमारे ४,८०० वॉटचे पॅनेल लागतात आणि त्यांच्या माळेत शेकडो व्होल्ट डीसी असते. उघड्या शेतात लोखंडी सांगाड्यावर उभे असलेले हे पॅनेल आणि त्यांच्या तारा मिळून मोठा फास तयार होतो आणि जवळ पडलेल्या विजेचे क्षेत्र त्या फासात उतरते. अधिक आणि उणे तारा एकमेकींना चिकटून नेल्या की फास लहान होतो आणि उसळीही घटते. यासाठी एक रुपयाही जादा लागत नाही. डीसीत प्रवाह शून्यावर येत नसल्याने जळता एमओव्ही आपोआप विझत नाही, आणि जीडीटी एकटा लावता येत नाही. म्हणून डीसी बाजूला एमओव्ही आणि जीडीटी एकामागे एक जोडून इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी रचना करतात. एमओव्ही ठिणगी विझवतो आणि जीडीटी एमओव्हीतून एरवी झिरपणारा प्रवाह रोखतो.

सर्ज संरक्षक घटक झिजतात, हे लोकांना कमी ठाऊक असते. एमओव्ही प्रत्येक मोठ्या उसळीनंतर थोडा कमकुवत होतो. त्याचे एक मिलिअँपिअरचे व्होल्टेज मूळच्या दहा टक्क्यांपलीकडे सरकले की त्याचे आयुष्य संपले असे धरतात. ते खाली सरकले की रोजच्या पुरवठ्यातही तो किंचित वाहू लागतो, तापतो, आणखी वाहतो आणि शेवटी पेटतो. म्हणून चांगल्या रचनेत त्याच्यासोबत उष्णतेने तुटणारा फ्यूज असतो, आणि बोर्डाच्या तोंडाशी मुख्य फ्यूज असतोच. टीव्हीएस डायोड हद्दीपलीकडे गेला की बहुधा शॉर्ट होतो. म्हणजे स्वतः मरून तो आयसीला वाचवतो आणि पुढे फ्यूज उडवतो. मल्टिमीटरवर दोन्ही बाजूंनी शून्याच्या जवळ वाचणारा टीव्हीएस म्हणूनच बोर्डाच्या बचावाची खूण समजावी.

या सगळ्याची कसोटी दुरुस्तीच्या टेबलावर लागते. वाशीमच्या शासकीय तंत्रनिकेतनातून आणि तालुक्यांच्या आयटीआयमधून शिकून निघालेली मुले उद्या याच कार्डांसमोर बसणार आहेत. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली, शॉर्ट झालेला टीव्हीएस काढून जागा रिकामी ठेवली, तरी कार्ड त्या दिवशी सुरू होते आणि गिऱ्हाईक समाधानाने जाते. पण पुढची उसळी येते तेव्हा तिच्या वाटेत आयसीच उभी असते. काढलेल्या घटकाच्या जागी तोच आकडा असलेला घटक बसवणे, फ्यूज त्याच मापाचा ठेवणे आणि एमओव्ही काळवंडला नसला तरी मोठ्या उसळीनंतर बदलणे ही दुरुस्ती. बाकी सगळी पुढच्या वादळापर्यंतची सोय.

संरक्षक घटक बोर्डावरच्या सर्वांत स्वस्त घटकांपैकी असतो. तो वाचवतो ती आयसी, ते कार्ड, तो हंगामातला पाण्याचा फेरा. पण तो उसळीला फक्त वळवतो. तिला जायला आखूड ट्रॅक, आखूड तार आणि ओली जमीन नसेल तर मोठ्यात मोठा एमओव्हीही निरुपयोगी. म्हणून मृगाआधी बियाणे-खतांची तयारी होते त्याच आठवड्यात पंपाच्या पेटीतली अर्थची तार घट्ट आहे का ते पाहावे, तिचे वेटोळे सोडवून ती सरळ आणि आखूड करावी, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतावे आणि पेटीतला एमओव्ही काळवंडला किंवा तडकला असेल तर बदलून घ्यावा.